लडकू चहाला नको म्हणाला

आमच्या गावात शुभकार्य ठरवायचं झालं तर लोक पंचांगाच्या आधी भावकीतली म्हातारी माणसं बघतात. कोण खोकतंय, कोण अंथरुणाला खिळलंय, कोण पावसाळा काढील आणि कोण नाही. भिवंडीजवळ मानकोलीच्या अलीकडे खाडीकाठी एवढंसं गाव, पण भावकी अशी अघळपघळ की वर्षाला एक तरी तिरडी उठतेच. ती उठली की त्या आडनावाच्या सगळ्या घरांना दहा दिवस सुतक. सुतकातल्या हाताने देवाचं काही शिवायचं नाही. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही, पण करणाऱ्याची भावकी लहान असणार.

केसरीनाथच्या बायकोला, हौसाला, या नियमाने दोनदा रडवलं होतं.

चैत्रात आमच्या गावदेवीची जत्रा असते. पालखी गावभर फिरून आली की देवळापुढच्या मांडवात आजूबाजूच्या गावांची भजनी मंडळं बसतात आणि आलेल्या प्रत्येकाला, फुगे विकायला आलेल्या भय्यालासुद्धा, देवीचा चहा मिळतो. मांडवामागच्या दगडी चुलीवर तो चहा दरवर्षी एका घरची बाई करते. पाळी घराघरांतून फिरते. ज्या बाईची पाळी असेल तिच्या हातात त्या दिवशी देवळाचं पितळी ओगराळं, आणि तेवढा दिवस सरपंचसुद्धा तिला विचारून चुलीजवळ येतो. एरवी ज्या बाईला घरात कोणी विचारत नाही, तिलाही तो एक दिवस मिळतो. म्हणून बायका त्या पाळीवर जीव टाकतात.

हौसाची पहिली पाळी आली तेव्हा ती नवीन नवरी होती. चहाला उकळी फुटली आणि नवऱ्याचा चुलत आजा गेल्याची बातमी आली. सगळं तपेलं पिंपळाच्या मुळाशी उपडं केलं. गुळमट वासाचा तो चिखल दोन दिवस मुंग्यांनी भरलेला होता. दुसऱ्या पाळीच्या वेळी जत्रेच्या तोंडावर भावकीतलीच एक म्हातारी गेली आणि मान शेजारच्या आनंदीबाईला मिळाला. आनंदीबाईचं आडनाव वेगळं, भावकी वेगळी. त्या दिवसापासून चहाचा विषय निघाला की आनंदीबाई म्हणायची, "नशिबात लागतं गो. ओगराळं सगळ्यांच्या हातात न्हाय ऱ्हात." हौसा हसून घ्यायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

चौऱ्याहत्तर साली पाळी फिरत फिरत तिसऱ्यांदा तिच्या दारात आली. या वेळी भावकीत सगळे ठणठणीत होते. जे म्हातारे होते तेही चिवट होते. काळजी होती ती माहेरची.

हौसाचं माहेर अकलोलीला, वज्रेश्वरीच्या गरम कुंडांजवळ. तिची आई रंगूबाई होळीपासून अंथरुणाला लागली होती. मुलगा नव्हता. चुलत पुतण्या लडकू आणि त्याची बायको तिचं सगळं करायचे. हौसा मध्ये जाऊन चार दिवस राहून आली होती. आईच्या पायाला तेल चोळत बसली होती तेव्हा आईच म्हणाली, "जा तू आता. तुझी पाळी हाय ना जत्रेला? मी काय एवढ्यात न्हाय जात." हौसाने दोनदा नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा पिशवी भरली. एसटीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला हायसं वाटतंय. तिला स्वतःचीच लाज वाटली.

लाज वाटावी असं तिने आणखी एक केलं होतं. घरी आल्यावर ती देवळात गेली, नारळ ठेवला आणि हात जोडून म्हणाली, "आई, माझ्या आयशीला जत्रा होईपर्यंत ठेव." बरी कर असं म्हणायचं ते तिच्या तोंडातून निघालं नाही. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीनच दिवसांचं, पण जत्रेच्या दिवशी तीन काय आणि दहा काय, ओगराळं हातातून गेलंच म्हणायचं. पायऱ्या उतरताना तिला आपण काय मागितलं ते कळलं. परत वर जाऊन दुरुस्त करावं असं वाटलं, पण देवीसमोर दोनदा तोंड कसं उघडायचं म्हणून ती तशीच घरी आली.

जत्रेचा दिवस उजाडला. रेशनच्या साखरेतून घराघराने वाटी वाटी काढून ठेवलेली होती, ती जमा झाली. दूध आलं. कपबश्या आल्या, प्रत्येक घराने आपापल्या कपाच्या बुडाला ऑइलपेंटचा ठिपका दिलेला. आनंदीबाईच्या कपांना निळा ठिपका होता आणि तिचा डोळा सकाळपासून त्या निळ्या ठिपक्यांवर. "माझा दांडा तुटका कप कोणा पाहुण्याच्या हातात देऊ नको, नाव माझं जाईल," ती म्हणाली.

"तुटका आणलासच कनाला मग?" हौसा म्हणाली. पाळी असलेल्या बाईला त्या दिवशी असं बोलता येतं.

दुपार कलली. पालखी शेवटच्या आळीत पोचल्याचा ढोल ऐकू आला तसं हौसाने तपेलं चढवलं. परसातला गवती चहा तिने सकाळीच तोडून जुड्या बांधल्या होत्या, आलं ठेचून ठेवलं होतं. मांडवात पहिलं मंडळ बसलं. केसरीनाथ पॉवरलूमवरची ड्युटी बदलून आला होता, पेटी त्याची. त्याने सूर धरला, पखवाजावर थाप पडली आणि टाळ सुरू झाले. हौसाचा हात त्या ठेक्यावर कधी फिरायला लागला ते तिचं तिलाही कळलं नाही. ओगराळं भरून वर न्यायचं, धार सोडायची, पुन्हा भरायचं. गवती चहाचा वास मांडवात शिरला आणि दोन टाळकऱ्यांनी गाता गाता मान वळवून चुलीकडे बघितलं. हौसाला वाटलं, आपण इतकी वर्षं उगीच रडलो नाही. हे रडण्याजोगंच होतं.

तेवढ्यात पिंपळाखाली तिला लडकू दिसला.

आता लडकू आणि चहा ही काय जोडी होती ते सांगायला पाहिजे. लग्नात लडकू हरवला तर त्याला वरातीत शोधायचं नाही, आचाऱ्याच्या चुलीजवळ शोधायचं. रंगूबाई म्हणायची, याच्या आईने याला दुधाऐवजी चहाच पाजला. हौसाच्या घरी आला की बसायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावून "ताय, टाक" म्हणायचा, आणि दुसरा कप मागायला त्याला कधी लाज वाटली नाही.

हौसाला तो दिसला तेव्हा आधी आईचंच मनात आलं. तरी तिने मनाला समजावलं, जत्रेला आला असेल. पण दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. तो चुलीच्या अलीकडे येऊन उभा राहिला. काम करणाऱ्या बायकांसाठी बाजूला वेगळी किटली होती, तिच्यातला चहा हौसाने बशीसकट त्याच्यापुढे धरला.

"घे. दमला असशील."

लडकूने कपाकडे बघितलं. चांगलं डोळे भरून बघितलं. मग मान खाली घातली.

"नको ताय."

आमच्याकडे मयताचा सांगावा घेऊन आलेला माणूस त्या गावचं काही तोंडात घालत नाही. चहा नाही, पाणी नाही, पानसुद्धा नाही. निरोप सांगतो आणि उलट्या पावली जातो. म्हणून दारात आलेल्याने चहा नाकारला की बाई कप खाली ठेवून आधी त्याच्या तोंडाकडे बघते. साऱ्या मुलखाला हे ठाऊक आहे. आणि हा तर लडकू होता.

हौसाचा कप हातातच राहिला. पाठीमागे तपेलं रटरटत होतं. मांडवात केसरीनाथचा आवाज चढला होता, आणि पलीकडे आनंदीबाई निळे ठिपके मोजत होती.

"ताय, जरा बाजूला ये. सांगायचं हाय," लडकू म्हणाला.

सुतक लागतं ते माणूस गेल्यापासून नाही, आपल्या कानावर पडल्यापासून. दूरदेशी असलेल्याला महिन्याने कळलं तर त्याचं सुतक महिन्याने सुरू होतं. हाही नियमच, आणि हौसाला तो त्या घडीला असा आठवला जसा बुडणाऱ्याला बांध दिसावा. ऐकलं नाही तर सुतक नाही. ऐकलं तर हे तपेलंही पिंपळाच्या मुळाशी, साऱ्या गावाची साखर पिंपळाच्या मुळाशी, आणि आनंदीबाई जन्मभर म्हणणार, नशिबात लागतं गो.

गेलेल्या माणसाला तासाभराने काय फरक पडतो, असं तिच्या मनात आलं. आईच म्हणाली होती ना, जा म्हणून.

"मना ठाव हाय तू काय सांगाया आलास," ती हळूच म्हणाली. "आता बोलू नको. एक अक्षर बोलू नको. चहा होऊ दे, मग मी येते."

लडकू गोंधळला. "ठाव हाय? पण ताय, उशीर—"

"देवीची आण हाय तुला, लडकू. तिथं पिंपळाखाली बस."

लडकू गरीब स्वभावाचा. देवीची आण घातल्यावर तो काय बोलणार? तो पिंपळाच्या पारावर जाऊन बसला. हौसाने त्याच्याकडे पाठ केली आणि चहापत्ती टाकली.

आणि पुढचा तासभर तिने जो चहा वाटला तसा आमच्या गावात त्याआधी कुणी वाटला नव्हता. हे मी चहाच्या चवीबद्दल बोलतो आहे, तो मीही प्यालो आहे. रंग असा की बशीत ओतल्यावर बशीचं फूल दिसू नये. पहिली वाटी देवीपुढे गेली, मग पालखीचे भोई, मग मंडळं. हौसा स्वतः ओगराळं घेऊन मांडवाच्या कडेकडेने फिरत होती. एका म्हाताऱ्या पखवाजवाल्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि कप खाली ठेवून अशी काही थाप मारली की लोक हसले. केसरीनाथने पेटीवरून मान वर करून बायकोकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं त्याने चारचौघांत बघितलं नव्हतं. हौसाही हसली.

हसली आणि तिला आई आठवली. आई तिथे चटईवर उतरवलेली असेल, आणि आपण इथे हसतोय. तिने मुद्दाम आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, म्हणजे तरी रडू येईल. पण टाळ चालू होते, हातात ओगराळं होतं, कुणीतरी "वहिनी, इकडे" म्हणत होतं, आणि रडू येत नव्हतं. तिला आनंद होत होता. इतका आनंद तिला मुलगा झाला तेव्हाही झाला नव्हता. आपण कसली बाई आहोत, असं तिला वाटलं, आणि ती पुढच्या कपाकडे वळली.

मध्ये आनंदीबाई जवळ आली. "तुझा भाव कवाचा पारावर बसलाय. चहा न्हाय देलास?"

"मग घेल तो."

"असं काय करतेस? लांबून आलाय. मीच त्याला—"

"ऱ्हाऊ दे म्हटलं ना," हौसा इतक्या जोरात म्हणाली की आनंदीबाईचं तोंड पडलं. पारावर काय चाललंय ते बघायला हौसाने एकदाही मान वळवली नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तपेल्याचा तळ दिसला. शेवटचा कप तिने फुगेवाल्या भय्याला दिला. ओगराळं धुतलं, देवळात नेऊन ठेवलं, अंबाड्यातली अबोलीची वेणी काढून पायरीवर ठेवली आणि केसरीनाथला म्हणाली, "मी अकलोलीला जाते. आयशीचं बोलावणं हाय." तो काही विचारायच्या आत ती पाराकडे गेली. "चल लडकू," म्हणाली आणि पुढे चालायला लागली. सांगू नको हे पुन्हा सांगावं लागलं नाही. तो बिचारा आण पाळून गप्पच होता.

भिवंडीच्या स्टँडवर वज्रेश्वरीची गाडी मिळाली. लूमवरून सुटलेल्या माणसांची गर्दी होती, मागच्या बाकावर जागा झाली. गाडी भिवंडीबाहेर पडली, लूमचा खडखडाट मागे राहिला, आणि मग हौसाचा बांध फुटला. ती पदर तोंडात धरून रडायला लागली. इतका वेळ न आलेलं रडू आता आलं म्हणून तिला थोडं बरंही वाटलं.

लडकू घाबरला. "ताय, धीर धर. आतापासून कनाला रडतेस?"

"कवा गेली?" हौसाने विचारलं.

"कोण?"

"आयस माझी. सकाळी का दुपारी?"

लडकू तिच्याकडे बघतच राहिला. "काकी हाय की गो. मी निघालो तवा बोलत व्हती. तुलाच इचारत व्हती सारखी. हौसाला आण, मना तिला काय तरी सांगायचं हाय, म्हनाली. जीव गुंतलाय तिचा म्हनून तर आलो मी."

गाडी चालत होती. हौसाने त्याचा दंड धरला.

"मग चहा का नको म्हनालास?"

लडकू कानकोंडा झाला. नवस बोलून दाखवायचा नसतो, पण ताई नखं रुतवून दंड धरून बसली होती. "वज्रेश्वरीला बोललोय," तो म्हणाला. "काकी बरी होईपर्यंत चहा तोंडाला लावनार न्हाय. दुसरं काय सोडू मी? माझ्याकडं दुसरं काय हाय?" मग त्याच्या लक्षात आलं. "तुला वाटलं मी सांगावा घेऊन आलो? अगो, मी देवळाच्या हंड्यातलं पानी प्यालो. त्या निळ्या ठिपक्याच्या बाईनं देलं, तुटक्या कपात. गटागटा प्यालो, तू समोरच तर व्हतीस."

हौसा समोरच होती. पाठ करून.

तिने लडकूचा दंड सोडला. ड्रायव्हरने गाडी जोरात हाणावी असं तिला वाटत होतं, आणि गाडी तर अंबाडीच्या नाक्यावर थांबून माणसं घेत होती. जिला आपण तासाभरापूर्वी मनातल्या मनात चटईवर उतरवलं, ती तिथे अंथरुणावर दाराकडे डोळे लावून बसली आहे. हौसाने देवीला पुन्हा हात जोडले, पण या वेळी काय मागावं ते तिला सुचेना. जत्रा होईपर्यंत ठेव, एवढंच तिने मागितलं होतं, आणि जत्रा झाली होती.

अकलोलीच्या घरात कंदील लावलेला होता. लडकूची बायको दारातच भेटली. "दिवेलागणीपर्यंत बोलत व्हत्या," ती म्हणाली. "हौसा आली का, हौसा आली का. मग कंदील लावला आनि बघते तर जीभ जड झालेली. आता नुसत्या बघतात."

रंगूबाई नुसती बघत होती. हौसा जवळ बसली तशी तिच्या डोळ्यांत ओळख आली, ओठ हलले, घशातून घरघर आली, पण शब्द काही होईना. दोनदा, तीनदा तिने जोर लावला. मग दमून थांबली.

"आये, काय सांगायचं व्हतं गो?" हौसा म्हणाली. "मी आलेय. सांग ना."

म्हातारीने तिचा हात धरला. तो नाकाशी नेला आणि वास घेतला. गवती चहाचा, आल्याचा, चुलीच्या धुराचा वास त्या हातांना अजून होता. रंगूबाईचा चेहरा उजळला. लेकीची पाळी या वेळी पार पडली, एवढं तिला वासावरून कळलं. तिने मान हलवली, जणू विचारते आहे, झाला ना?

"झाला आये," हौसा म्हणाली. "समद्यांना पुरला." आणि तिने कपाळ आईच्या अंथरुणावर टेकलं.

रंगूबाई त्यानंतर आठवडाभर होती. शब्द एकही आला नाही. तिला काय सांगायचं होतं ते लडकूला माहीत नव्हतं, त्याच्या बायकोलाही नाही. एखादी किरकोळ गोष्टही असेल, पितळेची परात कुणाला द्यायची असली. नसेलही. हौसाने ते शोधायचा फार प्रयत्न केला, आईची पेटी उपसली, शेजारणींना विचारलं, मग सोडून दिलं.

गावात मात्र तिच्या चहाचं नाव झालं. दुसऱ्या वर्षी पाळी वेगळ्या घराची असतानाही लोक म्हणाले, हौसावहिनींना बसवा चुलीवर. आनंदीबाईनेच आधी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. हौसा नाही म्हणाली. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. आनंदीबाईला एकटीला सांगितलं, ते कितीतरी वर्षांनी, आणि आनंदीबाईच्या पोटात राहणार ते काय.

लडकूचा नवस तसाच राहिला. काकी बरी होईपर्यंत, असं तो बोलला होता, आणि काकी काही बरी झाली नाही. भटजींनी सांगितलं की नवस मोकळा कर, देवी एवढी कडक नसते. पण लडकू म्हणाला, माझं तोंड मीच बांधलंय, आता कोण सोडनार? त्याने पुन्हा चहा घेतला नाही. जत्रेला तो दरवर्षी येतो. हौसाच्या दारात चप्पल काढतो, आणि ती अजूनही चुकून त्याच्यासाठी कप भरते.

"नको ताय," तो म्हणतो.

कप धरलेला तिचा हात तिथेच थांबतो. गॅसवर काही उतू जात असो, पाहुणे ताटावर बसलेले असोत, ती सगळं टाकून त्याच्यासमोर येऊन बसते.

"काय सांगाया आलास ते आधी सांग," ती म्हणते. "मी ऐकते."

"काय न्हाय ताय," लडकू म्हणतो. "जत्रेला आलोय."